जेवण व्हयनं का?

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत धुळ्याच्या चांदमारीवर रविवारी दुपारी साध्या नागरिकांनाही बंदूक चालवायला शिकवत. मी दोन हिवाळे जात होतो. तिथे गोळ्या देणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मात्र कधी विचारलं नाही. गोळ्यांच्या पेटीशी तो उकिडवा बसायचा आणि गोळी हातावर ठेवण्याआधी प्रत्येकाला विचारायचा, "जेवण व्हयनं का, भाऊ? काय भाजी व्हती?" उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे निरखून बघायचा. आम्हाला त्याची गंमत वाटे. कोणी मुद्दाम श्रीखंड-पुरी सांगे.

पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी मला संकष्टी होती. "नाही जेवलो," मी म्हणालो. त्याने हातातली गोळी पेटीत परत टाकली, झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवला.

मी उपवासाचं सांगितलं. तो निशाणाच्या फळ्यांकडे बघत म्हणाला, "मागला साल आठेच, या चांदमारीवर, एक मानूसनी सोताले गोयी मारी लिधी. गोयी मीच दिन्ही व्हती. पन त्याले काहीच इचारं नही."

पाऊसपाणी सांगावं तसं त्याने ते सांगितलं. मग फडक्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. दुसरा हात झाकणावरच होता.

चंद्रोदयाला पुष्कळ वेळ होता. मी ती भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. तेव्हा त्याने मला नव्याने, पहिल्यांदाच भेटल्यासारखं विचारलं, "जेवण व्हयनं का, भाऊ?"

मी हो म्हणालो. मगच त्याने झाकणावरचा हात उचलला.