मधल्यामध्ये डोलणारी मान

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावचे पुरुषोत्तम देशकर म्हणजे ना अध्यात ना मध्यात असा माणूस. नागपुरात गल्लीत भांडण लागलं की हे आधी खिडकी लावून घ्यायचे. इकडे मोदक घरचे की विकतचे, यावरून महाराष्ट्र मंडळ फुटलं, तेव्हा हे दोन्ही मंडळांचे सभासद झाले आणि दोन्हीकडे जेवले. कोणी मत विचारलं की ते मान हलवायचे. ती मान ना वर-खाली जायची ना आडवी, मधल्यामध्ये डोलायची. आपल्याकडे तिचा अर्थ 'ऐकलं बरं का' एवढाच. अमेरिकनांना तो होकार वाटे, आणि पुरुषोत्तमरावांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही. आयतं चांगलं म्हणत असतील तर कोण नको म्हणेल?

२००२च्या ऑक्टोबरात इराकवर जायचं की नाही, यावरून सगळा देश हमरीतुमरीवर आला होता. डावीकडच्या घरातला म्हातारा सुतार म्हणाला, दुसऱ्यांच्या भांडणात आपली पोरं कशाला? मान डोलली. उजवीकडच्या घरातली मास्तरीण म्हणाली, आपण गेलो नाही तर ते इथे येतील. मान पुन्हा डोलली. शनिवारी किराणा घेऊन येतात तो अंगणाच्या एका कडेला 'युद्ध नको' आणि दुसऱ्या कडेला 'आम्ही तयार आहोत'. दोन्ही शेजाऱ्यांनी हौसेने ठोकलेल्या पाट्या.

"अहो, एक तरी काढा," त्यांची बायको सुमित्राबाई म्हणाल्या.

"एक काढली की दुसरी आपली होते. राहू दे."

देवळातून परतणारी मराठी मंडळी त्यांच्या घरासमोर गाडी हळू करून मनसोक्त हसून जायची. यांना त्याचं काही नव्हतं.

फेब्रुवारीत त्यांची एकुलती एक मुलगी चैत्राली कॉलेजातून घरी आली. जेवता जेवता म्हणाली, "बाबा, माझं युनिट ॲक्टिव्हेट झालं. मार्चमध्ये इराककडे जातोय आम्ही."

पुरुषोत्तमरावांचा घास हातातच राहिला. मग ते जन्मात पहिल्यांदा पोरीवर ओरडले. कोणाला विचारून त्या नॅशनल गार्डमध्ये, अर्धवेळ सैन्यात, नाव घातलंस?

"तुलाच विचारलं होतं, बाबा. यू नॉडेड."

खरं होतं. त्या दिवशी ते पेपर वाचत होते. महिन्यातून एकदा कवायत, तेवढीच पोरीला शिस्त लागेल, असं मनाशी म्हणून त्यांनी मान डोलावली होती आणि पान उलटलं होतं. आता त्यांना स्वतःच्याच मानेची किळस आली.

सकाळी ते तडक सुताराच्या दारात गेले आणि त्यांनी पाटी मागितली.

"तुझ्या अंगणात आहे की एक," सुतार म्हणाला.

"ती तू लावलीस," पुरुषोत्तमराव म्हणाले. "ही मला लावायची आहे."

बर्फाखाली जमीन दगड झाली होती. हातोड्याने कितीही ठोकलं तरी पाटी आत जाईना. आवाज ऐकून मास्तरीण बाहेर आली. तुम्ही तर आमच्या बाजूचे होतात ना, असं तिने विचारलं.

"नाही," पुरुषोत्तमराव म्हणाले. मान जागची हलली नाही.

मग हातोडा खाली ठेवून ते पाटी हातात धरूनच रस्त्याच्या कडेला उभे राहिले. खिडकीतून चैत्राली बघत होती. तिची बॅग अर्धी भरून झाली होती.