जे नाव सुलेखा वाचायची

आवडाबाईबद्दल लिहा, असं मला बरेच जण सांगतात आणि सांगताना डोळे ओले करतात. ते मला जमत नाही. तिला स्वतःलाही ते आवडत नाही. तेव्हा जे झालं ते सरळ सांगते.

कन्नडच्या बाहेर, घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या गोदामाच्या माडीवर आमचं 'रानहाक' रेडिओ केंद्र आहे. एक बायकांची संस्था ते चालवते. घाटाच्या अंगानं पसरलेल्या भिल्ल वस्त्यांसाठी, त्यांच्याच बोलीत बोलणारा हा रेडिओ. आमची लहर तेवढ्याच डोंगरात फिरते. पण वस्तीतली अर्धी माणसं आता शहरात असतात. संभाजीनगरला, चिकलठाण्याच्या बाजूला इमारती उभ्या राहतायत, तिथं ती सेंट्रिंग करतात, विटा वाहतात आणि काम करता करता फोनवर, इंटरनेटवरून, आमचा रेडिओ लावतात. वस्तीवर मात्र शहराला अजून औरंगाबादच म्हणतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी आठवड्यातून दोनदा एसटीनं कन्नडला जाऊ लागले, बोलणाऱ्या बायकांचा आवाज आणि उच्चार बघायला. आवडाबाईच्या बाबतीत माझ्यासाठी काही काम नव्हतंच.

ती चिंचखोरा वस्तीची सून. शाळा चौथीत सुटली. तरुणपणी नवऱ्याबरोबर गंगापूरकडं ऊस तोडला, नंतर कन्नडच्या बाजारात सीताफळं विकली. केंद्राची व्यवस्थापक सुलेखा हिनं तिला बाजारातच पहिल्यांदा ऐकलं. आवडाबाई एका जीपवाल्याला सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात झापत होती, पण एकही शिवी न देता. सुलेखा म्हणते, मी तिथंच ठरवलं. माईकपुढं बसवल्यावर आवडाबाईनं आधी विचारलं, पलीकडं माणसं आहेत का नाहीत ते मला दिसणार कसं? नाही दिसणार, म्हटल्यावर ती बोलायला लागली, ती आजतागायत बोलतेच आहे.

तिचा कार्यक्रम निरोपांचा. डोंगरातल्यांनी शहरातल्यांना आणि शहरातल्यांनी डोंगरातल्यांना पाठवलेले निरोप. अमक्याची शेळी व्याली, तमकीला मुलगी झाली, धाकट्याच्या साखरपुड्याला सुट्टी काढून ये, थंडी पडली आहे तर गोधडी पाठवतोय, जीपवाल्याकडून घे. फोन असतानाही लोक हे रेडिओवरून सांगतात, कारण फोनवर एकालाच कळतं.

तर अडचण होती नावांची. नवऱ्याचं, सासऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हे आवडाबाईला तिच्या सासूनं, मनकर्णाबाईनं, लग्नातच बजावलं होतं. त्यातही नवऱ्याचं अजिबात नाही. बाईच्या तोंडून नाव निघालं की तेवढं त्याचं आयुष्य झिजतं. घरात यानं कुणाचं काही अडत नाही. पण रेडिओवर निरोप सांगणाऱ्या बाईला तीन नावं वर्ज्य म्हणजे पंचाईत. आणि नावं तरी कसली? रामकिसन, सोमनाथ, काकासाहेब. आमच्याकडं दगड मारावा तर यातला एखादा ओरडेल.

मार्ग तिनंच काढला. असलं नाव आलं की ती हात वर करायची. शेजारी बसलेली सुलेखा आपल्या माईकवर तेवढं एक नाव वाचायची आणि आवडाबाई पुढं चालू. म्हणजे कार्यक्रम असा ऐकू यायचा: आवडाबाईचा जाड, संथ आवाज, मध्येच सुलेखाचं पातळ "सोमनाथ", आणि पुन्हा आवडाबाई. लोकांना याची भारी गंमत. वस्तीवरची पोरं त्या जागेची वाट बघायची आणि सुलेखाबरोबर नाव ओरडायची. चिकलठाण्याच्या साइटवर ज्यांची नावं ती होती त्यांना बाकीचे चिडवायचे, की आवडाबाई तुला दीर मानते का सासरा? तिघांतलं नवऱ्याचं नाव कोणतं, हे वस्तीला माहीत होतं. शहरातल्या इतर वस्त्यांच्या माणसांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मी हे बंद करा म्हणत होते. अंधश्रद्धेला रेडिओची लहर कशाला, असं स्पष्ट बोलले होते. आवडाबाई म्हणाली, "बाई, तुमचं बराबर हाय. पण नवरा माझा हाय."

नवऱ्याचं नाव सोमनाथ. उंच, कमी बोलणारा माणूस. मधाचं पोळं उतरवायला आजूबाजूच्या सगळ्या वस्त्या त्याला बोलवायच्या. दोनेक वर्षांपासून तो विसरायला लागला. आधी कोयता कुठं ठेवला ते, मग जेवलो का नाही ते, आणि मग ओढ्यावरून घरी यायची वाट. कन्नडचे डॉक्टर म्हणाले, शहरात मोठ्या दवाखान्यात दाखवा. राजकुमार, त्यांचा मुलगा, चिकलठाण्याला कामावर असतो. तो वस्तीवर येऊन बापाला एसटीनं घेऊन गेला. शहराच्या बसस्टँडवर उतरल्यावर बापाला बाकावर बसवून तो पाण्याची बाटली घ्यायला वळला. परत आला तर बाकावर पिशवी होती, बाप नव्हता.

राजकुमारनं दिवसभर स्टँड, दवाखाना, रेल्वे स्टेशन पालथं घातलं, पोलिसांत कळवलं आणि संध्याकाळी केंद्रावर फोन केला. फोन आवडाबाईनंच उचलला. तिनं ऐकून घेतलं, पोराला म्हणाली, रडू नको, शोध. मग सुलेखाला सांगितलं. सुलेखानं लगेच मराठीत निवेदन केलं: सोमनाथ नावाचे गृहस्थ, उंच, अंगात पांढरा सदरा, डोक्याला लाल पागोटं, विसरभोळे आहेत, दिसल्यास कळवा. एकही फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी माझी कन्नडची फेरी होती. मी पोचले तेव्हा आवडाबाई निरोपांचे कागद लावत होती. तिला घरी पाठवायचा सुलेखाचा बेत तिनं मोडून काढला होता. घरी बसून काय करू, म्हणाली. कार्यक्रम सुरू झाला. तिनं सगळे निरोप दिले, दुसऱ्यांच्या शेळ्या, दुसऱ्यांची बाळंतपणं, आवाजात जराही फरक नाही. शेवटी म्हणाली, एक माणूस शहरात हरवलाय, आपल्यातलाच आहे. आणि हात वर केला. सुलेखानं नाव वाचलं.

'माझा माणूस' असं ती म्हणाली नाही. हा माईक सगळ्यांचा, त्यावर आपल्या घरचं रडायचं नाही, हा तिचा आणखी एक नियम.

या वेळी फोन आला. चिकलठाण्याच्या एका साइटवरून, स्पीकरवर, मागं चार-पाच जण. इंद्रजीत म्हणून एक पोरगा बोलत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. म्हणाला, मावशी, आज पुन्हा सोमनाथ आला, कालबी आला व्हता, आमच्यात दोन सोमनाथ हायत, दोघंबी जागेवर हायत, कोणता धाडू? मागं सगळे खिदळले.

पोरांची चूक नव्हती. इतकी वर्षं त्या नावाला हसायचं, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं. सुलेखाच्या पातळ आवाजात "सोमनाथ" आलं की पुढचं-मागचं कुणी ऐकतच नव्हतं. साइटसाइटवर लोक हसून मोकळे झाले असणार आणि तो माणूस कदाचित त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बसला असेल.

आवडाबाईनं फोन ठेवला. तिलाही ते कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, आवडा, आता पुरे. परत माईकवर बस आणि स्वतःच्या तोंडानं नाव घे. तुझ्या तोंडून आलं की कुणी हसणार नाही.

ती म्हणाली, "आन् माझ्या तोंडून आलं, आन् तो तिकडं गेला, तर?"

मी म्हणाले, असं काही नसतं. तिला मी समजावू शकले असते असं मला वाटत नाही. तिच्या लेखी हिशेब उघड होता: नाव घेतलं नाही तर तो सापडणार नाही, आणि घेतलं तर सापडेपर्यंत राहील का, याचा भरवसा नाही. सुलेखा हळूच म्हणाली, मावशी, सासूबाईंना विचारायचं का? आवडाबाई म्हणाली, "म्हातारी रेडिओला कान लावूनच बसली आसंल. तिला काय विचारायचं? तिचं तर ल्येकरू हाय."

मग तिनं पदर नीट केला आणि सुलेखाला सांगितलं, गाणं थांबव.

ती काय बोलली ते तिच्या बोलीत होतं. मी मराठीत देते. "शहरात जे जे ऐकताय त्यांनी हातातलं काम खाली ठेवा. काल हरवलेला माणूस माझा नवरा आहे. तो उंच आहे, त्याला वाट आठवत नाही. पण नाव विचारलं तर तो अजून सांगतो. त्याचं नाव..." आणि ती थांबली. सवयीनं हात वर गेला. सुलेखानं तोंड उघडलं नाही. तो हात आवडाबाईनं स्वतःच खाली घेतला. "सोमनाथ," ती म्हणाली. आवाज ओळखू येणार नाही इतका बारीक झाला होता. "सोमनाथ. त्याला शोधा."

वस्तीवर म्हणे त्या वेळी पोरंसुद्धा ओरडली नाहीत.

चिकलठाण्याच्या पोरांनी काम टाकलं. इंद्रजीत सगळ्यांच्या पुढं. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर फोन गेले, आणि अंधार पडायच्या आत तो सापडला. जालना रोडच्या कडेला रचलेल्या फळ्यांवर तो आदल्या दिवसापासून बसला होता. वॉचमन त्याला चहा-पाव देत होता. तिथं कशाला बसलात विचारलं तर म्हणाला, कन्नडची जीप हितंच येती. इंद्रजीतनं नाव विचारलं, त्यानं सांगितलं. राजकुमार येईपर्यंत त्या पोरानं म्हाताऱ्याचा हात सोडला नाही आणि फोनवर मावशीपाशी इतका रडला, की तिलाच त्याची समजूत घालावी लागली.

सोमनाथ घरी आला. आवडाबाई पुढचे कितीतरी दिवस त्याचा श्वास चालतोय ना ते बघायची, हे तिनंच मला सांगितलं. मनकर्णाबाई चार दिवस सुनेशी बोलली नाही. मग एका सकाळी चुलीपाशी म्हणाली, "आयकलं मी. बरं केलं, पोरी. आता पुन्ना नको." आणि आवडाबाईनं ते मानलं. आजही ती हात वर करते आणि ते नाव सुलेखाच वाचते. मला हे पटत नाही, मी तसं दर फेरीला बोलून दाखवते. फरक एवढाच झालाय की आता त्या नावाला कुणी हसत नाही.

त्यानंतर ती नवऱ्याला रोज बरोबर आणायला लागली. ती माईकवर असते तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसतो. वस्तीवरच्या पोरांनी त्याला सांगून ठेवलं होतं, आज्जीनं रेडिओवर तुमचं नाव घेतलं. बाकी सगळं विसरणारा माणूस, पण हे त्याच्या डोक्यात बसलं. तो बायकोला विचारायचा, घे की पुन्हा, मी ऐकलं न्हाई. ती म्हणायची, पोरं काहीबी सांगत्यात.

एकदा आवडाबाई खाली चहा सांगायला गेली असताना तो ते मला ऐकव म्हणून सुलेखाच्या मागंच लागला. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काही महिने जपून ठेवायचं असतं, त्यामुळं तिनं नाव घेतलेला तो तुकडा होता. सुलेखानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, लाव. त्याच्याच नावाचं आहे.

त्यानं डोक्यावर हेडफोन घातला आणि डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर पुन्हा लाव म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकताना त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तेवढ्यात आवडाबाई वर आली आणि आम्ही काय करतोय ते बघून दारातच थांबली.

त्यानं हेडफोन काढला. "ही कोण बाई हो?" त्यानं सुलेखाला विचारलं. "लई भ्याली हाय बिचारी. तिच्या माणसाचंबी नाव सोमनाथच हाय." मग म्हणाला, "गावला का तिचा माणूस?"

सुलेखानं दाराकडं बघितलं.

"गावला," दारातून आवडाबाई म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला. "कुठं हाय?"

"बायकूपाशी हाय," ती म्हणाली, आणि चहा गार होतोय म्हणून त्याला बाहेर घेऊन गेली.