वाळूच्या गोणीची जागा

“आज वाळूची गोणी नको. मावशी आल्यात ना!”

सेक्रेटरी साहेब असं म्हणाले आणि धक्क्यावरची सगळी हसली. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? मी.

लहान होते मी तेव्हा. साठीची. अक्कलदाढ यायची होती.

कोलशेतच्या खाडीवरचा होडी वल्हवायचा क्लब. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. नवरा गेल्यापासून बोलायलाही कुणी नव्हतं. म्हटलं, दोन्ही होईल. वर्गणी सगळ्यांइतकीच भरली आणि दर रविवारी खोपटच्या घरापासून रिक्षा करून जायला लागले.

होडी चौघांची. एखादा आला नाही की त्याचं वल्हं आत घेऊन बांधायचं आणि त्याच्या जागी वाळूची गोणी ठेवायची. होडी कलू नये म्हणून. मी आले, गोणीचं काम गेलं. ही बाई नारिंगी जॅकेट घालून ऐटीत बसायची. मांडीवर हात. फॅमिली ग्रुपवर फोटो. ‘माझी निवड झाली!’ कसली निवड, बये? वजनाची.

बाकीच्या बायका मॅडम. मी मावशी. सेक्रेटरी माझ्याहून वर्षानं मोठा, आणि मी त्याची मावशी! वल्हवून झालं की बाकीचे माजिवड्याला नाश्त्याला जायचे. मी मागे राहून होडी धुवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून. एक दिवस म्हणतील, चला तुम्हीपण. या आशेवर फडकं मारायचे. काय लाचार बाई होती ती!

कळव्याच्या जाऊबाईंना फोटो दाखवला. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, “होडीत बसून काय करतंस गो?”

“बसते.”

“मंग गोण झालीस गो बाय.”

मी रागावले. खरं बोलल्या म्हणून. माझ्या आईनं मिठागरात डोक्यावर गोण्या वाहिल्या. लेकीनं प्रगती केली. लेक स्वतःच गोणी झाली.

पुढच्या रविवारी मी होडीत बसले होते. दोर सुटायच्या आत चौथे मेंबर धावत आले. कुणी मला “उठता का” विचारलं नाही. साहेब त्यांना म्हणाले, “थांबा, गोणी उतरवतो.”

परत सगळे हसले. या वेळी मी नाही.

उतरले. घरी गेले.

त्यानंतरच्या रविवारी ते चौथे आले नाहीत. मी बसले. खाडीच्या मध्यावर गेल्यावर पायाशी बांधलेल्या वल्ह्याची गाठ सोडली.

“अहो मावशी, हात लावू नका! होडी उलटेल!”

“गोणी हात लावत नाही. मी लावणार.”

वल्हं पाण्यात घातलं. येत काही नव्हतंच. ते खोल गाळात गेलं, मूठ माझ्याच पोटात बसली, होडी गर्रकन फिरली आणि खाडीचा काळा चिखल साहेबांच्या पांढऱ्या टोपीवर. पोट दुखत होतं. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

“या वयात तुम्हाला हे—”

“तुमच्यापेक्षा लहान आहे मी. शिकवा. नाहीतर दर रविवारी अशीच आंघोळ.”

शिकवलं त्यांनी. तोंड वाकडं करून, पण शिकवलं. माझ्या तळहाताला घट्टे पडले. नाश्त्याला अजून बोलावत नाहीत. आता बोलावलं तरी जाणार नाही. दुसऱ्याला हसण्यावर जगणाऱ्यांशी मैत्री करायला जी बाई गेली होती, ती वेगळी. तिला मी खाडीतच सोडलं.

होडी मी एकटी धूत नाही. ज्यांनी वल्हवली त्या सगळ्यांनी धुवायची, मीही त्यांतली एक. आणि ज्या रविवारी मला परत नुसतं बसवू पाहतील, त्या रविवारी मी धक्क्यावर दोर धरून बसेन. वल्हं हातात आल्याशिवाय दोर सुटणार नाही. नुसतं बसवायचंच असेल तर गोणी बसवा नाहीतर साहेबांना.