तक्रार कुणाकडे केली?

अर्नाळ्याच्या आमच्या कोळीवाड्यात बर्फाचा कारखाना आला, तेव्हा मी शाळेत होते. सगळ्यांना आनंद झाला होता. त्याआधी बर्फ विरारहून यायचा आणि येईपर्यंत निम्मा वितळायचा. मालकही कुणी परका नव्हता, शेजारच्याच गावचा, आमच्या लग्नाकार्यांना येणारा माणूस. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी लढाई कुणा दुष्टाशी झाली असं कुणाला वाटायला नको.

मॅट्रिक झाल्यावर मी बालवाडी चालवू लागले. महिला मंडळाची एक खोली होती, कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. बर्फ गोठवायला जो वायू वापरतात त्याला आम्ही नुसतं ‘ग्यास’ म्हणायचो. कधीमधी त्याचा उग्र दर्प यायचा, डोळे चुरचुरायचे, वारा फिरला की जायचा. ऐंशी सालाच्या आगेमागे तो वरचेवर यायला लागला. एका सकाळी मुलं गोल करून गाणं म्हणत होती आणि एकदम सगळीच खोकायला लागली. एका मुलीला श्वास घेता येईना. मी तिला उचललं, बाकीच्यांना पुढे घातलं आणि समुद्राकडे पळाले. तिथून सगळ्यांना दवाखान्यात नेल्यावर ती मुलगी सावरली आणि नर्सबाईंनी एकेकाचे डोळे पाण्यानं धुतले.

त्याच दुपारी मी मालकांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. पाइपाचा जोड सैल झाला होता, आवळला आहे, काळजी करू नकोस, म्हणाले. आठवड्याभरात पुन्हा तेच झालं. मी पुन्हा गेले. या खेपेला खुर्ची मिळाली नाही.

“पोरी, तू मुलांना गाणी शिकव,” ते म्हणाले. “कारखाना मी बघतो.”

कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी ठाण्याला बसतात, हे मला नर्सबाईंकडून कळलं. मी त्यांना पत्र लिहायचं ठरवलं. लिहिण्याआधी मुलांच्या आयांना विचारून आले, नर्सबाईंकडून त्या दिवसाची खात्री करून घेतली आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहिलं. बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्याला पत्र वाचून दाखवलं. आमची होडी होती, बा तिचा तांडेल, ती हाकणारा प्रमुख. जाळं विणता विणता त्यानं ऐकून घेतलं.

“मालकाचा नाव घातलंस?” त्यानं विचारलं.

घातलं आहे, म्हटलं. त्यानं जाळ्याची एक गाठ आवळली. मग म्हणाला, “घातलंस तर घातलंस.”

अधिकारी आले, पण फार उशिरा. तोवर जोड बदलला होता. त्यांनी सगळं पाहिलं, सगळं ठीक असल्याचा शेरा दिला आणि ते गेले. मला वाटलं, चला, जोड बदलला हे तरी झालं. पण काही दिवसांनी एक हवालदार घरी समन्स घेऊन आला. मालकांनी वसईच्या कोर्टात माझ्यावर बदनामीची फौजदारी केली होती. मी सरकारकडे खोटी तक्रार करून त्यांची अब्रू घालवली, असं त्यात होतं. ‘आरोपी’ या शब्दापुढे माझं नाव होतं. आय चुलीपाशी होती. तिनं तवा उतरवून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या होडीला बर्फ मिळेनासा झाला. मालकांनी तोंडानं कधी नाही म्हटलं नाही. आमची पाळी आली की बर्फ संपलेला असायचा, इतकंच. बानं पुन्हा विरारहून बर्फ आणायला सुरुवात केली. एकदा तो बर्फ आलाच नाही आणि टोपलंभर मासळी आयनं सुकत घातली. मासे पसरताना तिचा हात किती रागानं चालत होता ते मला दिसत होतं. बाकीचे होडीवाले आमच्या वाऱ्याला उभे राहीनात. त्यांचा रोजचा बर्फ तिथूनच यायचा. मी त्यांना तेव्हाही दोष दिला नाही.

मग समाजाची बैठक भरली. मालकांनी निरोप पाठवला होता की मुलीनं चूक झाली असं लिहून द्यावं, ते केस काढून घेतील. मंडळी मला समजावू लागली. आयही म्हणाली, “माग माफी. मोठ्या मानसाशी भांडून कोन जिंकलाय?”

मी उभी राहिले. “मी लिहिलेल्यातलं एक वाक्य खोटं असेल तर दाखवा,” म्हटलं. “त्या वाक्याची माफी मागते. मुलांना ग्यास लागला नाही, असं मी लिहून देणार नाही.”

कुणी काही दाखवलं नाही. बैठक उठली. आय माझ्या आधीच घरी निघून गेली.

वसईत एक वयस्कर वकील होते, तिथल्याच वाडी-बागायतीवाल्या ख्रिस्ती घरातले. नर्सबाईंच्या ओळखीनं मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझं पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, ते ग्यासबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं भलतंच.

“हे पत्र आणखी कुणाला दिलंस? पेपरवाल्यांना? नाक्यावर कुणाला वाचून दाखवलंस?”

घरी फक्त वडिलांना वाचून दाखवलं, म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग ते मला कळेल अशा भाषेत सांगू लागले. बदनामीच्या कायद्यातच काही अपवाद लिहून ठेवले आहेत. ज्या अधिकाऱ्याला तक्रार ऐकायचा अधिकार आहे, त्याच्याकडे माणसानं चांगल्या हेतूनं, चौकशी करून तक्रार केली, तर ती बदनामी होत नाही. पुढे ती तक्रार सिद्ध झाली नाही, तरीही नाही. नाहीतर चूक ठरण्याच्या भीतीनं सरकारला कुणी काही कळवणारच नाही.

“मग ही केस लगेच का काढून टाकत नाहीत?” मी विचारलं.

“कारण तू चौकशी केलीस, तुझा हेतू चांगला होता, हे तुला कोर्टात दाखवावं लागेल,” ते म्हणाले. “कायदा तुझ्या बाजूनं आहे. पण तो शेवटी भेटतो. तोवर चालत राहायची तयारी आहे का?”

मी हो म्हटलं. ते सोपं नव्हतं. जातमुचलका लिहून दिला. मग तारखा सुरू झाल्या. एसटीनं विरार, तिथून वसई, कोर्टाच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. मंडळानं बालवाडीची खोली बंद केली, तेव्हा मी आमच्या ओटीवर मुलं बसवली. सुरुवातीला चारच आली.

मालक साक्षीला उभे राहिले. वकिलांनी त्यांच्याशी आवाज चढवला नाही. तक्रार करण्याआधी ही मुलगी तुम्हांला भेटली होती का, एवढंच ते विचारत राहिले. मालक खोटं बोलणारे नव्हते, अडचणीत आलेले होते. शेवटी दोनदा भेटली, असं ते म्हणाले. मॅजिस्ट्रेटांनी ते लिहून घेतलं.

आमच्या बाजूनं नर्सबाई आल्या. वरिष्ठांची परवानगी काढून आल्या होत्या. पण कोळीवाड्यातलं कुणीच यायला तयार नव्हतं. तारखेच्या आदल्या संध्याकाळी आय मला म्हणाली, “मी येते.” मुलांना ग्यास लागला त्या सकाळी ती बालवाडीच्या खोलीवरूनच बाजाराला निघाली होती. ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा समोरच्या, मालकांच्या वकिलांनी तिला विचारलं की मुलीला वाचवायला कोणतीही आई वाटेल ते सांगेल, नाही का.

आयनं पदर सावरला. “साहेब, मी तर तिला माफी मागायला सांगत होते,” ती म्हणाली. “अजूनपन आमचा त्यावरून भांडन हाय. पन पोरा खोकत होती, ती मी बघितली.”

समोरचे वकील खाली बसले.

निकाल लागला त्या दिवशी बा मासेमारीला गेला नव्हता. मॅजिस्ट्रेटांनी निकाल वाचला. मुलं खोकली त्या दिवशी वायू सुटला होता की नाही हे ठरवायची आपल्याला गरज वाटत नाही. आरोपीनं आधी मालकांना सांगितलं, माहिती काढली आणि योग्य अधिकाऱ्याकडेच तक्रार केली. म्हणून ती निर्दोष. मी सुटले होते, पण मला पुरतं समाधान झालं नाही. कुणीतरी ग्यास सुटला होता असं म्हणावं, अशी माझी इच्छा होती. बाहेर आल्यावर मी वकीलसाहेबांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, “ते ठरवायचं काम त्या अधिकाऱ्याचं होतं. तुझं काम कळवायचं होतं. तू ते केलंस.” मला हे पटायला बरीच वर्षं लागली. खरं सांगायचं तर अजून अर्धंच पटलं आहे.

बर्फ हळूहळू मिळायला लागला. एके दिवशी आमच्या पाळीला तो संपलेला नव्हता. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर धोक्याची घंटा बसली. मालक पुढेही लग्नांत भेटायचे. नमस्कार करायचे, मीही करायचे. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईना. विहिरीचं पाणी मचूळ झालंय, असं म्हणत बायका आमच्या ओटीवर आल्या. बैठकीत मला माफी मागायला सांगणाऱ्याही त्यांत होत्या. अर्ज कुणाला लिहायचा, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. एकीनं हळूच विचारलं, यावरून पुन्हा केस होईल का?

“होऊ शकते,” मी म्हटलं. “पण जे बघितलं तेवढंच लिहू, आणि ज्याला लिहायचं त्यालाच लिहू.”

मी अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. मग आयनं हात पुसला आणि अंगठा उठवायला शाईचा डबा स्वतःकडे ओढला.