न दिलेला हुकूम

पलटणीत त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. बारा वर्षं त्याने लष्कराचे ट्रक चालवले. चिखल, वाळू, बर्फ, काही म्हणून सोडलं नाही. 'उस्तादच्या हातात दिली तर खाटसुद्धा गिअर टाकेल,' असं पोरं म्हणायची. आता तो बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये, बसखालच्या खड्ड्यात उभा राहून ब्रेक दुरुस्त करायचा. ब्रेक नीट लागतो की नाही हे पाहायला बस आवारात चार हात पुढे घ्यायची असली, तरी त्याला दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागे. त्याच्या कागदावर 'वाहन चालवण्यास अपात्र' असा शिक्का होता.

तो शिक्का बसला एका दुपारच्या प्रकारामुळे. सहा ट्रकांचा ताफा मोकळ्या माळावरून चालला होता. उस्तादची गाडी पाचवी. शेजारच्या सीटवर कानाला वायरलेसचा हेडफोन लावून बसला होता त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा बायकोनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याने भरतीचा हट्ट धरला, तेव्हा उस्तादच मध्ये पडला होता आणि खटपट करून त्याला आपल्याच पलटणीत आणलं होतं. 'माझ्या डोळ्यांसमोर राहील,' असं त्याने बायकोला सांगितलं होतं.

आकाशात आधी नुसती माशीसारखी गुणगुण आली. मग मागच्या गाडीवर ड्रोन आदळलं. उस्तादने करकचून ब्रेक दाबला. आरशात त्याला त्या गाडीतला मास्तर दिसला. तो सगळ्यांच्या पत्रांतलं शुद्धलेखन सुधारायचा, म्हणून मास्तर. रस्त्यावर कोपरांवर सरकत होता आणि एक हात वर करत होता.

"दाजी, थांबू नका!" मेहुणा ओरडला. "साहेब म्हणतायत पुढे चला!"

"अरे, मास्तर जिवंत आहे!"

"हुकूम आहे, दाजी! पुन्हा सांगतायत, थांबू नका!"

उस्तादने ब्रेकवरून पाय काढला.

संध्याकाळी माणसं परत तिथे गेली, तेव्हा मागच्या गाडीतले तिघेही मेलेले होते. डॉक्टर म्हणाला, दोघं जागच्या जागी गेले. तिसरा तास-दीड तास तरी जिवंत असावा.

चौकशी बसली. ताफ्याच्या साहेबांनी सरळ हात झटकले. 'मी थांबण्याचा हुकूम दिला होता. चालक घाबरून पळाला.' वायरलेसचं रेकॉर्डिंग म्हणे सापडलंच नाही. उरला एकच साक्षीदार, मेहुणा. त्याचा जबाब त्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवला गेला: 'थांबण्याचा हुकूम मी चालकाला सांगितला. त्याने ऐकलं नाही.' खाली सही. मेहुणा भिंतीकडे बघत बसला होता. उस्तादला वाटलं, आता उठेल, आता काहीतरी बोलेल. तो उठला तो सॅल्यूट ठोकायला.

पलटणीतून काढून टाकल्यावर उस्ताद घरी आला. बायकोला एवढंच म्हणाला, "मी हुकूम मोडला असं ठरलंय." भावाचं नाव काढलं नाही. जिने पोटच्या पोरासारखं वाढवलं, तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? न्हाव्याच्या दुकानात, नळावर लोक मागून 'पळपुटा' म्हणायचे. तीन वर्षं तो मूग गिळून बसला.

मग मेहुणा रजेवर आला. बाहीवर नवी फीत, बदली मुख्यालयात. जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच आगारात आला आणि खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला.

"दाजी, राग आहे ना?"

उस्ताद पान्याने नट आवळत राहिला. "तुला ऐकू आलं होतं काय, ते मला ठाऊक आहे. तुलाही. मग रागाचं काय विचारतोस?"

"साहेब म्हणाले, तुम्ही दोघं एका घरातले. तू आमच्या बाजूने नाहीस, तर दोघंही आत जाल. मी एकट्याने नाही ठरवलं, दाजी. ताईला फोन केला होता. तिला विचारूनच सही केली."

पाना हातातून सुटून खाली पडला, तो उस्तादने उचलला नाही. साहेबांनी फसवलं, त्याचं एवढं नव्हतं. वरच्यांची जातच ती. मेहुण्याने केसाने गळा कापला, तेही त्याने पोर म्हणून पोटात घातलं होतं. पण ज्या बाईपासून त्याने हे तीन वर्षं लपवलं, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तो तसाच तेलकट हातांनी घरी गेला. बायको शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. त्याचा चेहरा पाहून तिने चाक थांबवलं.

"धाकट्याने सांगितलं?"

"तूच सांगायचं होतंस."

"दोघंही बुडण्यापेक्षा एक तरी वाचावा, म्हणून मी म्हटलं."

"आणि बुडायचं कुणी, ते तू ठरवलंस?"

"तुम्ही सोसाल हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "तो मोडला असता."

"मला विचारलं असतंस, तर मीच हो म्हटलं असतं. तेवढं तरी विचारायचंस."

त्या रविवारी उस्ताद बसने दोन तासांवर मास्तरच्या बायकोकडे गेला. ती लाँड्रीत इस्त्री करायची. तिथेच कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभं राहून त्याने सगळं सांगितलं. मास्तरने हात वर केला होता, तेसुद्धा. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"थांबला असतात तर वाचले असते का, भाऊ?"

"माहीत नाही. पण थांबायला हवं होतं. पाय माझा होता."

तिने शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाली, "मला कळवलं होतं की ते लगेच गेले, त्रास झाला नाही. म्हणजे मलाही फसवलंच. हे लिहून द्याल?"

त्याने चार पानं लिहून दिली. स्वतःची चूक वगळली नाही. तिने ती लष्कराच्या कचेरीत पाठवली. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: नवा पुरावा नाही, प्रकरण बंद आहे.

ते उत्तर तिने उस्तादला पाठवलं. त्याच्या बायकोने ते वाचलं आणि घडी करून मशीनवर ठेवलं.

"मी जबाब देऊ?" तिने विचारलं. "फोनवर काय बोलणं झालं, ते सगळं?"

उस्ताद जेवत होता. "दे. पण मग धाकट्याचं काय होईल, ते ठाऊक आहे ना?"

तिने ते उत्तर मशीनच्या खणात सरकवलं. त्याचं जेवण झालं, त्याने ताट धुऊन ठेवलं, पायात चपला सरकवल्या. दारातून बाहेर पडताना त्याला मागे मशीनचं चाक पुन्हा फिरू लागल्याचा आवाज आला.