काचेवरचा गाल

माझ्या धाकट्या भावाचा गाल म्हणजे आमच्या घरातली सार्वजनिक मालमत्ता. येणारा-जाणारा ओढायचा. आई तर रोज शाळेत पाठवताना त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून, आपल्या कानशिलांवर बोटं मोडून अलाबला घ्यायची. जितकी बोटं वाजतील तितकी माया, असं ती म्हणे. दुसरीत गेल्यावर मात्र स्वारीनं एके दिवशी मान मागे घेतली.

"आता नाही ना आई. मी मोठा झालो."

"कोन्या दुकानातून आणलं रे मोठेपण?" आई हसली, पण हात खाली घेतले.

मी तेव्हा अकरावीत. त्याच आठवड्यात बायॉलॉजीच्या सरांनी फर्मान काढलं: गालाच्या आतल्या पेशी पाहायच्या आहेत, घरी लहान भावंडं असतील तर आणा. मूल वयात येताना या पेशींत काय बदलतं, ते शेजारी शेजारी ठेवून बघू. हुडको कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरपासून भावाला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं आणि वाटभर घाबरवलं.

"सर चाकूनं गाल कापतात."

"कापू दे. मी मोठा झालो का, तेवढं सांगा म्हणावं त्याईले."

चाकूबिकू काही नव्हता. दातकोरणीच्या बोथट टोकानं गाल आतून हलकेच खरवडायचा, ते काचेवर पसरायचं, वर निळ्या रंगाचा थेंब आणि त्यावर एक पातळ काच. आधी माझी काच. चपट्या, वेड्यावाकड्या पेशी, प्रत्येकीच्या पोटात निळा ठिपका. मग त्याची. डोळा लावला आणि मी किंचाळलेच. पेशींच्या मध्ये हे तपकिरी डोंगर! साहेबांनी गालात बोरकूट दाबून ठेवलं होतं. सगळा वर्ग लोटपोट. सरांनी त्याला चूळ भरायला पिटाळलं आणि नवी काच केली.

आता मात्र माझ्या आणि त्याच्या पेशींत कुणाला काही फरक दिसेना. सर्कशीच्या मालकासारखे हात पसरून मी ते जाहीर केलं. भाऊ स्टुलावरच नाचला, "मंग मी ताईएवढा झालो!"

"फर्क है बेटा," सर म्हणाले, "पर अंदर है. अपनी मशीन में नहीं दिखता. नौवीं में आना, तेरा फिर से निकालेंगे. दोनों साथ रखकर देखेंगे."

सर सहज बोलले असतील, त्यानं ते पक्कं धरलं. आपली काच कापसात गुंडाळून माझ्या कंपासपेटीत ठेवायला लावली. मग शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी, "ताई, काच आहे ना? फोडू नको हं." आईनं गालाकडे हात नेला की ऐटीत सांगायचा, "नववीत पाहू."

पुढच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. हॉस्पिटलच्या खाटेवर ते गाल पिवळे पडले, मग आत गेले. आईचा हात सारखा पुढे जायचा. मान मागे घेण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती, म्हणून आईच हात मागे घ्यायची. मी म्हटलं, "घे ना आई अलाबला. आता तो काही म्हणत नाही."

"म्हणत नाही म्हणूनच," ती म्हणाली. "त्याले आवडत नाही."

शाळा उघडायच्या आत तो गेला.

काच माझ्या कंपासपेटीत राहिली. मी नोकरीला लागले, पेटी कपाटात वरच्या फळीवर गेली. एका जुलैत आई भाजी निवडता निवडता एकदम म्हणाली, "यंदा नववीत गेला असता. ती काच कुठं आहे?"

मी काढून दिली. निळा रंग केव्हाच उडाला होता, मधे नुसता धुरकट डाग. आईनं पदराला हात पुसले, काच मांडीवर ठेवली, आणि वरची पातळ काच सरकणार नाही इतक्या हळू तिच्यावरून दोन्ही हात फिरवले. मग कानशिलांवर बोटं टेकवून मोडली.

सगळी वाजली.