पेटुनियाच्या वाफ्यावरची राख

वरंधची फिरती आटोपून मी थेट इंजिनिअरसाहेबांच्या बंगल्यावर आलो, तर मागच्या बागेतून धूर येत होता. सायकल तशीच टाकून धावलो. पेटुनियाचा वाफा जळत होता.

तेव्हा मी महाडला शेतकी असिस्टंट होतो. साहेबांची मुलगी सुमन आदल्या वर्षी तापाने गेली. तिने कुंडीत लावलेल्या पेटुनियाचं बी तिच्या आईने, बाईंनी, पुडीत जपलं होतं. मुलीचं मागे उरलं ते तेवढंच. पावसाआधी फुलं दिसावीत म्हणून शिमग्याआधीच्या रविवारी बाईंनी आणि मी ते पेरलं. हे बी धुळीइतकं बारीक. त्यावर माती ओढायची नाही, त्याला उजेड लागतो. नुसतं शिंपडून हलकं दाबायचं. त्यामुळे पेरलेला वाफाही मोकळाच दिसतो. मी काठीला पाटी बांधायला घेतली.

"पाटी नको हो," बाई म्हणाल्या. "कुणाला पुरल्यासारखं दिसतं."

माळी रघू कापडे गावचा, त्या रविवारी घरी गेलेला; पेरल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा पेरणीआधी शेण, पालापाचोळा, फांद्या रचून भाजतात. त्याला राब म्हणतात. चार दिवसांनी रघूने आमच्या वाफ्यावर तोच केला होता.

"रघू, अरे काय केलंस हे!"

"राब भाजला, सायेब. बायसाहेब सारख्या येऊन बघतात, नि वाफा तर मोकळाच हाय. म्हटला, पेरायच्या आधी जागा बेस करून ठेवू. का, काय झाला?"

"बी होतं त्यात."

तो आगीत हातच घालायला निघाला. मी त्याला मागे ओढलं.

धूर पाहून साहेब आणि बाई बाहेर आले. काय झालं ते मी सांगितलं. साहेब म्हणाले, "पुण्याहून दुसरं मागवा. पेटुनियाच ना?"

बाई म्हणाल्या, "रघूला बोलू नका. त्याने माझ्यासाठीच केलं." मला फार वाईट वाटलं.

पुण्याचं बी मी दुसऱ्या वाफ्यात लावलं. उन्हाळ्याच्या अखेरीस छान फुललं. साहेबांचे पाहुणे कौतुक करायचे. बाई तिकडे फिरकल्या नाहीत. संध्याकाळी त्या झारी घेऊन राखेच्या वाफ्यालाच पाणी घालत.

एकदा न राहवून मी म्हणालो, "बाई, भाजलेलं बी उगवत नाही."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, आणि झारी पूर्ण रिकामी केली.

तेव्हापासून पेरलेल्या वाफ्याला मी पाटी लावतोच. मग ते कुणाला कसंही दिसो.